चढ लागला की वारा काचेकडे पळतो: जुन्या जीप चेरोकीचं व्हॅक्यूमचं दुखणं

अमेरिकेतल्या डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की गोल्डन मागे पडताच आय-७० रस्ता माउंट व्हर्नन कॅन्यनमधून चढायला लागतो. आमची १९९९ ची जीप चेरोकी, चार लिटरच्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनची, चढाला लागली की दोन-चार मिनिटांत डॅशबोर्डच्या आतून 'थप्प' असा दबका आवाज यायचा आणि समोरच्या जाळ्यांतला वारा एकदम बंद व्हायचा. पंखा तितक्याच जोरात फिरतोय, हवा तितकीच गार आहे, पण ती सगळी काचेवर चाललीय. चढ संपला, एक्सलरेटरवरचा पाय हलका केला की पुन्हा 'थप्प', आणि वारा मुकाट जागेवर.

हे दुखणं दोन वर्षांत तीनदा दुरुस्त झालं आणि तीनदा परत आलं. चौथ्यांदा जे केलं त्यानंतर परत आलेलं नाही. जुन्या गाडीत हाच त्रास असलेले आपल्यातले बरेच जण इकडे आहेत, आणि अनेकांना गॅरेजवाले थेट "डॅशबोर्ड उतरवावा लागेल" असं सांगून मोठा आकडा पुढे ठेवतात. म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. पैसे भरण्याआधी निदान पहिली चाचणी तरी करून बघा. तिला एक सेंटही लागत नाही.

आधी लक्षण नीट ओळखा

तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासा: पंखा, तापमान आणि दिशा. पंखाच फिरत नसेल तर तो विजेचा प्रश्न आहे. पंखा फिरतोय पण हवा हवी तशी गार किंवा गरम नाही, तर प्रश्न गॅसचा, हीटरचा किंवा तापमानाच्या फ्लॅपचा (फ्लॅप म्हणजे आत हवेची वाट बदलणारी झडप). माझ्या सालच्या चेरोकीत तापमानाचा फ्लॅप व्हॅक्यूमवर चालत नाही. पंखा ठीक, गारवा ठीक आणि फक्त दिशा चुकतेय, त्यातही ती चुकून काचेकडेच जातेय, तर जवळजवळ खात्रीनं समजा की व्हॅक्यूम, म्हणजे फ्लॅप हलवणारी इंजिनची ओढ, गळतंय.

एक उलटी शक्यताही आहे, तिच्याबद्दल आधीच सांगते, कारण ती धोक्याची आहे. बटण काचेच्या खुणेवर ठेवलंय आणि तरी काचेवर हवा येत नाही, अशी तुमची तक्रार असेल तर हे लिखाण तुमच्यासाठी नाही. तिथे फ्लॅप अडकलाय किंवा मोडलाय. तो नीट होईपर्यंत बर्फाच्या दिवसांत ती गाडी रस्त्यावर काढू नका. काच आतून धुरकटली की पुढचं काही दिसत नाही, आणि ते होतं अर्ध्या मिनिटात.

फ्लॅप हलवतं कोण

डॅशबोर्डवरचं हवेच्या दिशेचं बटण फिरवलं की आत एखादी मोटर चालत असेल असं आपल्याला वाटतं. या गाडीत तिथे मोटर नाही. ते बटण म्हणजे व्हॅक्यूमचा वाटप करणारा नळकोंडाळा आहे. इंजिन हवा आत ओढतं तेव्हा त्याच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या पाइपांत, पोकळी तयार होते. तिथून एक बारीक नळी निघते, एका नॉन-रिटर्न व्हॉल्वमधून (हवा एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या झडपेतून) जाते, साठवणीच्या एका प्लास्टिकच्या पोकळ डब्याला जोडली जाते आणि मग इंजिन व केबिनमधल्या पत्र्यातून आत शिरून त्या बटणामागे पोचते. बटण ज्या खुणेवर असेल त्याप्रमाणे व्हॅक्यूम पुढे तीन फ्लॅपच्या छोट्या डब्यांकडे जातं. एक फ्लॅप समोरच्या जाळ्यांचा, एक पायाकडची हवा आणि काच यांच्यातला, आणि एक बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवणारा. प्रत्येक डबीत एक रबरी पडदा असतो. व्हॅक्यूम आलं की पडदा आत ओढला जातो, त्याला जोडलेला दांडा फ्लॅप फिरवतो. व्हॅक्यूम गेलं की स्प्रिंग त्याला परत ढकलते.

परत ढकलते म्हणजे कुठे, तर काचेकडे. हे मुद्दाम तसं केलेलं आहे. नळी तुटली, पडदा फाटला, काहीही झालं तरी निदान काच साफ राहावी, समोरचं दिसावं. त्यामुळे वारा काचेकडे गेला याचा अर्थ इतकाच की व्हॅक्यूम पोचलं नाही. फ्लॅप, स्प्रिंग, हीटरचा खोका हे सगळं त्या क्षणी आपलं काम चोख करत असतं. म्हणूनच अशा लक्षणावर कोणी आधी हीटरचा खोका बदलायला निघालं की मला राहवत नाही.

नॉन-रिटर्न व्हॉल्व आणि साठवणीचा डबा यांचं काम चढावर कळतं. आपण एक्सलरेटर दाबतो तेव्हा इंजिनची हवेची झडप (थ्रॉटल) उघडते, हवा मोकळी आत येते आणि मॅनिफोल्डमधली पोकळी भरून निघते. पूर्ण दाबला तर व्हॅक्यूम जवळजवळ शून्यावर येतं. त्या वेळी नॉन-रिटर्न व्हॉल्व बंद होतो आणि डब्यात साठलेल्या व्हॅक्यूमवर फ्लॅप आपापल्या जागी धरून ठेवले जातात. म्हणजे सपाट रस्त्यावर इंजिन पोसतं, चढावर डबा पोसतो. या जीपचं क्रूझ कंट्रोलही, म्हणजे वेग आपोआप कायम ठेवणारी सोय, व्हॅक्यूमवरच चालतं. चढावर वारा काचेकडे जातोय आणि त्याच चढावर क्रूझचा वेगही सुटतोय, अशी जोडी जमली तर गळती आतल्या फ्लॅपकडे नसून बाहेर इंजिनकडे असण्याची शक्यता फार वाढते.

आमच्याकडे त्यात उंचीची भर पडते. समुद्रसपाटीला धडधाकट पेट्रोल इंजिन आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून नुसतं चालू असताना, साधारण १७ ते २१ इंच पारा (व्हॅक्यूम मोजायचं माप) इतकं व्हॅक्यूम देतं. दर हजार फुटांना त्यातला सुमारे एक इंच कमी होतो. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, म्हणजे पाच इंच इथेच गेले. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे, तिथे आणखी सहा. खाली २० दाखवणारा गेज वर ९ च्या आसपास येतो, तोही आयडलिंगला. चढावर पाय दाबलेला असताना काय उरत असेल ते बघा. एखाद्यानं हीच गाडी, हीच गळती घेऊन समुद्रसपाटीजवळच्या ह्यूस्टनमध्ये चालवली तर त्याला वर्षभर पत्ताही लागणार नाही. म्हणून "माझ्या मित्राच्या गाडीला असं होत नाही" या वाक्यावर विसंबू नका.

ते परत परत का आलं

पहिल्यांदा हे लक्षात आलं ते २०२० च्या शरद ऋतूत. कॅमेरून पीकचा वणवा पेटलेला होता, कोलोराडोच्या नोंदीतला सर्वांत मोठा, दोन लाख एकरांहून जास्त जळालं. आमच्या फ्रंट रेंजवर (रॉकी पर्वताच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात) धूर साचायचा, आकाश तांबूस. अशा वेळी आपण गाडीत आतलीच हवा फिरवत ठेवतो. पण त्या तिसऱ्या फ्लॅपलाही व्हॅक्यूम लागतं. ते गेलं की फ्लॅप बाहेरची हवा घेतो. चढ लागला की गाडीत जळक्या लाकडाचा वास भरायचा आणि मागे बसलेल्या लेकीला खोकला सुटायचा. मला आधी वाटलं काच नीट लागत नाही.

एका गॅरेजमध्ये गाडी दिली. त्यांना बॅटरीशेजारी नळी तुटलेली सापडली, त्यांनी तिच्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळली आणि गाडी परत दिली. सपाट रस्त्यावर चालवून पाहिली, ठीक होती. हिवाळा सरला आणि टेपचा गोंद वितळून गळती परत सुरू झाली. दुसऱ्यांदा त्याच गॅरेजनं डॅशबोर्ड उतरवायचा अंदाज दिला. गेज त्यांनी लावलाच नाही. मी गाडी घरी आणली, टेप सोडवली आणि तिथे रबरी नळीचा तुकडा चढवून जोड नीट केला. पुन्हा सगळं ठीक. काही महिन्यांनी परत तेच, मग तो जोड काढून थोडी लांब नळी घातली. पुन्हा ठीक.

२०२२ च्या ऑक्टोबरात आई साताऱ्याहून आली होती. अस्पेनच्या झाडांची पिवळी पानं दाखवायला तिला वर घेऊन चालले होते. जॉर्जटाउन सोडलं आणि रस्ता बोगद्याकडे चढायला लागला. आई म्हणाली, "अगं, मघापर्यंत पायाला छान ऊब लागत होती. आता घोटे गार पडलेत बघ." त्या दिवशी वरती बर्फ भुरभुरत होता. तिच्या पायांवर माझी शाल टाकली आणि घरी परतल्यावर ठरवलं, आता तुकड्या-तुकड्यानं नाही, पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत तपासायचं.

तेव्हा जे कळलं ते हे. गळती एक नव्हती, तीन होत्या. आणि व्हॅक्यूमच्या गळत्या एकमेकींना झाकतात. इंजिन भरपूर व्हॅक्यूम देत असतं तोवर ते लहानसहान गळत्या भरून काढतं. सगळ्यात मोठी गळती बुजवली की सपाट रस्त्यावर सगळं सुरळीत होतं आणि आपल्याला वाटतं काम झालं. उरलेल्या दोन लहान गळत्या दिसतात त्या फक्त इंजिनचा पुरवठा तुटल्यावर, म्हणजे लांब चढावर. दर वेळी मी दुरुस्तीनंतर गाडी घराभोवती फिरवून आणली, ती खरी परीक्षाच नव्हती. परीक्षा इंजिन बंद करून घ्यायची असते.

इंजिन बंद करून घ्यायची चाचणी

गाडी घरासमोर उभी करा. इंजिन पाचेक मिनिटं चालू ठेवा, दिशेचं बटण समोरच्या जाळ्यांवर, पंखा मधल्या वेगावर. मग इंजिन बंद करून किल्ली लगेच पुन्हा चालू खुणेवर आणा, इंजिन मात्र सुरू करू नका. पंखा फिरू लागेल. समोरच्या जाळीपुढे हात धरून मोजायला लागा. धडधाकट गाडीत वारा बराच वेळ तिथेच राहतो. माझ्या गाडीत बारा मोजेपर्यंत 'थप्प' झालं. बारा सेकंदांत रिकामा होणारा साठा चढावर काय पुरणार.

आता दुसरी फेरी, हिच्यातून गळतीची बाजू कळते. इंजिन पुन्हा पाच मिनिटं चालवा, पण बटण या वेळी काचेच्या खुणेवर ठेवा. त्या खुणेवर कोणत्याच फ्लॅपला व्हॅक्यूम दिलं जात नाही, सगळे स्प्रिंगवर असतात. इंजिन बंद करा आणि दोन मिनिटं थांबा. मग किल्ली चालू करून, इंजिन बंदच ठेवून, बटण समोरच्या जाळ्यांवर फिरवा. फ्लॅप हलून वारा समोर आला तर साठा शाबूत होता. म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व, डबा आणि इंजिनकडच्या नळ्या ठीक आहेत आणि गळती बटणाच्या पुढे, एखाद्या डबीत किंवा तिच्या नळीत आहे. काहीच हललं नाही तर दोन मिनिटांत साठा बटणाच्या अलीकडेच गळून गेला, डॅशबोर्डला हात लावायची गरज नाही. बॉनेट उघडा.

माझ्या गाडीत काहीच हललं नाही. त्याच क्षणी तो डॅशबोर्डचा अंदाज निकालात निघाला.

बॉनेटखाली

यासाठी एकच अवजार घ्या, गेज असलेला हाताचा व्हॅक्यूम पंप. ब्रेकची हवा काढायला वापरतात तोच. अमेरिकेत सुट्या भागांची काही दुकानं तो अनामत रक्कम घेऊन वापरायला देतात. साबणाचं पाणी इथे उपयोगाचं नाही. टायरच्या पंक्चरमध्ये हवा बाहेर येते म्हणून बुडबुडे दिसतात, इथे हवा आत ओढली जाते, पाणीच आत जाईल. गरम इंजिनवर कार्ब्युरेटर क्लीनर फवारून आयडल बदलतो का बघायचा प्रकार लोक करतात. तो पेट घेणारा पदार्थ आहे आणि खाली तापलेला एक्झॉस्ट आहे. पंप असताना त्याची काही गरज नाही.

मॅनिफोल्डपासून सुरुवात करा. नळी निघते त्या ठिकाणचा रबरी कोपरा (वाकडा जोड) बोटांनी वाकवून बघा. वीस वर्षांच्या रबराला वाकवलं की आतल्या बाजूनं भेगा उघडतात, सरळ असताना त्या दिसत नाहीत. नळी सरळ मॅनिफोल्डवर आहे तिथे गेज जोडून इंजिन चालू करा आणि तुमच्या उंचीवर तुमचं इंजिन किती व्हॅक्यूम देतं ते लिहून ठेवा. इथेच आकडा फार कमी असेल तर प्रश्न इंजिनचा आहे, नळ्यांचा नाही.

मग नॉन-रिटर्न व्हॉल्व. मॅनिफोल्डच्या जवळच नळीत बसवलेली छोटी प्लास्टिकची गोष्ट असते. तो काढून पंप आधी इंजिनकडच्या तोंडाला लावा. हवा आरपार यायला हवी, काटा चढता कामा नये. मग पंप दुसऱ्या, डब्याकडच्या तोंडाला लावा. आता काटा चढून तिथेच थांबायला हवा. माझा काटा चढला आणि डोळ्यांसमोर सावकाश खाली आला. ही एक गळती. नवीन व्हॉल्व स्वस्त असतो. बसवताना दिशा बघून बसवा, उलटा बसला तर फ्लॅपना व्हॅक्यूम मिळणारच नाही.

बॅटरीशेजारची नळी ही या जीपची जुनी ठणकणारी जागा. मी बॅटरी काढली आणि टॉर्च धरला. खाली ट्रेच्या कडेला पांढरी-हिरवट भुकटी साचलेली, त्यातून ती बारीक काळी नळी गेलेली. भुकटी लागलेल्या वीतभर भागात तिचा काळा रंग गेला होता, खडूसारखी राखाडी झाली होती. मी तिला नुसतं उचलायला गेले तर ती उन्हात वाळलेल्या तुरीच्या काटकीसारखी कट्कन मोडली, आणि मोडलेल्या टोकाला दाबलं तर तिचा चुरा झाला. माझे आधीचे दोन जोड याच नळीवर, दोन बोटं अलीकडे-पलीकडे होते. जोड पक्के होते, नळीच संपलेली होती. आम्लानं आणि उन्हाथंडीनं कडक झालेली नळी एका जागी तुटते तेव्हा बाकीचीही तुटायच्याच बेतात असते. जोड देताना आपण तिला ओढतो, वाकवतो आणि पुढची भेग स्वतःच्या हातानं पाडतो. म्हणून तुकडा जोडू नका, शाबूत टोकापासून शाबूत टोकापर्यंत सगळी नळी बदला.

नवी नळी रबरी व्हॅक्यूम होज घ्या, जाड भिंतीची, म्हणजे ती आतल्या ओढीनं चपटी होणार नाही. माप अंदाजानं घेऊ नका, जुन्या नळीचा तुकडा दुकानात न्या. सिलिकॉनची रंगीत होज दिसायला छान असते, पण पेट्रोलच्या वाफा आणि तेल तिला सोसत नाहीत, त्यामुळे मॅनिफोल्डच्या अगदी जवळ ती वापरू नका. चढवताना टोक पाण्यानं ओलं करा. ग्रीस किंवा व्हॅसलिन लावलं तर साधं रबर फुगतं आणि सैल होतं. आणि सांध्यात सीलंट भरू नका. त्याचा कण आत ओढला गेला की तो नॉन-रिटर्न व्हॉल्वमध्ये जाऊन बसतो.

नळी बसवून झाली की बॅटरीचे टर्मिनल आणि ट्रे खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, हातमोजे घालून. सोड्याचं पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. नळी ट्रेपासून हातभर लांबून फिरवून बांधता आली तर फारच चांगलं.

तिसरी गळती सापडायला सगळ्यात उशीर लागला, कारण ती दिसत नव्हती. साठवणीचा डबा या गाडीत पुढच्या बंपरच्या टोकाला, प्लास्टिकच्या टोपीमागे असतो. ती टोपी काढल्याशिवाय तो दिसतही नाही. विचार करा, रस्त्यावरचे खडे, पार्किंगमधले धक्के आणि आमच्या इथे हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यांवर मारतात ते मॅग्नेशियम क्लोराइड, सगळं पहिल्यांदा त्याच कोपऱ्याला लागतं. डब्याच्या नळीच्या तोंडाशी केसासारखी चीर होती. नखानं चाचपली तेव्हा जाणवली. डब्याला पंप लावून काटा चढवला तर मिनिटभरात निम्मा उतरला. डबा भंगारवाल्याकडे दुसऱ्या चेरोकीचा मिळाला. विकत घेण्याआधी तिथेच उभं राहून त्याला पंप लावून पाहिला.

गळती बटणाच्या पुढे निघाली तर

हे माझ्या गाडीत नव्हतं, पण नंतर ओळखीतल्या एकाची चेरोकी बघायला गेले होते तिच्यात हेच होतं, म्हणून थोडक्यात. आधी आठवा, अलीकडे कोणी स्टिरिओ बदललाय का. बटणाच्या पॅनेलमागे बऱ्याच भोकांचा एक चपटा रबरी प्लग असतो, सगळ्या नळ्या त्यात येतात. पॅनेल ओढताना तो अर्धवट सुटतो. त्या गाडीत इतकंच झालं होतं, दाबून बसवला आणि संपलं.

तसं नसेल तर बटण एकेका खुणेवर ठेवून इंजिन-बंद चाचणी करा. ज्या खुणेवर साठा झटकन उतरतो, त्या खुणेला ज्या डबीला व्हॅक्यूम जातं तिच्यावर संशय. आतली हवा फिरवणाऱ्या खुणेवरच उतरत असेल तर ग्लोव्हबॉक्स काढून त्या बाजूची डबी आधी बघा. नळी काढून डबीला थेट पंप लावायचा. क्रायस्लरच्या दुरुस्तीपुस्तकात या तपासणीसाठी ८ इंच पारा, म्हणजे २७ किलोपास्कल, हा आकडा दिलेला आहे. त्यापेक्षा जास्त ओढून जुना पडदा फाडू नका. दांडा हलला आणि काटा स्थिर राहिला तर डबी चांगली. दांडा हलतो पण काटा उतरतो, तर पडद्याला बारीक छिद्र आहे, डबी बदला.

काही डब्या अशा जागी असतात की त्यांच्यासाठी खरोखर हीटरचा खोका सोडवावा लागतो, आणि मग एसीच्या पाइपांना हात लागतो. तिथे थांबा. आतला आर-१३४ए वायू मोकळा सोडणं अमेरिकेत कायद्यानं बंद आहे, तो काढून घेण्याचं काम प्रमाणपत्र असलेल्या माणसाचं आहे. पण तोवर तुमच्याकडे कोणती डबी, कोणत्या खुणेवर, किती वेळात उतरते हे लिहिलेलं असेल. तो कागद मेकॅनिकच्या हातात द्या. बोलणं वेगळ्याच पायरीवरून सुरू होतं.

दुसऱ्या गाड्यांबद्दल विचारणारे असतात. फोर्डच्या क्राउन व्हिक्टोरियात ऑटोमॅटिक पॅनेल असेल तर बहुतेक वेळा पॅनेलमागच्या सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या झडपांच्या) ब्लॉकमधले ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या, वाळून चपटे झालेले असतात, आधी ते बघा. ऑटोमॅटिक क्लायमेट असलेल्या मर्सिडीजच्या जुन्या १२४ मालिकेत डॅशबोर्डमागच्या डब्यांचे रबरी पडदे फाटतात आणि तिथे डॅशबोर्ड उतरवायचं सांगणारा मेकॅनिक खरं बोलत असू शकतो. डिझेल गाडीत मॅनिफोल्डमध्ये असं व्हॅक्यूम नसतं, त्यासाठी इंजिनवर वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, त्यामुळे पहिला आकडा तिथे घ्या. त्याच पंपावर ब्रेकचा बूस्टर चालत असतो. डिझेलमध्ये वारा काचेकडे जाण्याबरोबर ब्रेकचं पेडल कडक लागू लागलं तर एसी विसरा आणि गाडी आधी ब्रेकसाठी दाखवा.

दुरुस्ती होईपर्यंत चढावर निभावून न्यायचं असेल तर गिअर एक खाली आणा. ऑटोमॅटिक असली तरी ओव्हरड्राइव्हमधून, म्हणजे सगळ्यात वरच्या गिअरमधून, खाली उतरवता येते. इंजिनचे फेरे वाढतात, एक्सलरेटर कमी दाबावा लागतो आणि मॅनिफोल्डमधलं व्हॅक्यूम थोडं सावरतं. मागच्या प्रवाशांना पांघरूण द्या. आणि चढ सुरू होण्याआधीच बटण काचेवर ठेवलं तर मध्येच 'थप्प' होऊन दचकायला होत नाही.

तीनही गळत्या बंद केल्यावर मी तीच चाचणी पुन्हा घेतली. बारा सेकंदांवर सोडून देणारा फ्लॅप दहा मिनिटं झाली तरी हलला नाही, शेवटी बॅटरी उतरेल म्हणून मीच किल्ली काढली. आता वर्षातून दोनदा, टायर बदलताना, हे मोजते. ग्लोव्हबॉक्सच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवलाय, त्यावर तारीख आणि मिनिटं लिहिते. गेल्या एप्रिलात दहाच्या वर, ऑक्टोबरात साडेनऊ. हा आकडा पाचाच्या खाली आला की पुन्हा पंप काढायचा, चढाची वाट बघायची नाही. कागदाशेजारीच दोन हात रबरी होज, दोन कोपरे आणि एक नॉन-रिटर्न व्हॉल्व पिशवीत ठेवलेत.